कावीळ हा रोग नव्हे

कावीळ हा रोग नव्हे. ते लक्षण आहे. हे वाक्य मी नोकरीच्या काळात शाळेच्या फळ्यावर लिहिले, पारावर सांगितले, लग्नाच्या मांडवात पाहुण्यांना सुनावले. गेल्याच आठवड्यात आमच्या शेजारचा एक शिकलेला तरुण, ज्याला मी दहावीला जीवशास्त्र शिकवले होते, घरी आला. त्याच्या मुलाचे डोळे पिवळे झाले होते. मी त्याला पाऊण तास समजावले. त्याने मान डोलावून सगळे ऐकून घेतले आणि उठताना म्हणाला, "तुमचं खरं हाय सर. पण ती काविळीची माळ अजून मिळती का तिकडं, तेवढं सांगा." मी त्याला चहा न देता वाटेला लावले. मग हे लिहायला बसलो.

हल्ली शब्द वाढले आहेत, समज वाढलेली नाही. डेंगूच्या दिवसांत राजुरीच्या बाजारात कोणीही कोणालाही सांगतो, "पेशी कमी झाल्यात." कोणत्या पेशी, असे विचारले तर माणूस असा पाहतो, जणू मी त्याची जात विचारली. सबंध शरीर पेशींचेच असते. कातडी पेशींची, मेंदू पेशींचा. त्यांना म्हणायचे असते बिंबाणू, म्हणजे रक्त गोठवण्याच्या कामी येणारे रक्तातील बारीक तुकडे, जे धड पूर्ण पेशीही नव्हेत. पण हे ऐकायला थांबतो कोण? तो पपईच्या पानांचा रस काढायला निघालेला असतो. ते असो. मला सांगायचे आहे ते आमच्या घरातल्या काविळीबद्दल, आणि त्या काविळीने दाखवून दिलेल्या एका गोष्टीबद्दल.

आमचे घर राजुरीच्या शिवारात मळ्यात होते. विहिरीवरच्या इंजिनाची ठकठक दिवसभर चाले, आणि ती थांबली की कानांना चुकल्यासारखे होई. मी जुन्नरला खोली घेऊन विज्ञान शाखेत शिकत होतो आणि शनिवारी घरी येई. वडिलांना आम्ही अण्णा म्हणत असू. ते कमी बोलत आणि जे बोलत ते शेवटचे असे. थोरले बंधू बापू शेती पाहत. त्यांची पत्नी सुभद्रावहिनी आणे पठारावरची. पठारावर पाणी कमी, माणसे काटक आणि जीभ तिखट. मी आलो की वहिनी मासवडी करीत. तीळ, सुके खोबरे, कांदा आणि लसूण भाजून पाट्यावर वाटल्याचा वास गोठ्यापर्यंत येई. शिजलेल्या बेसनाच्या पोळीत ते सारण भरून, गुंडाळी करून वड्या पाडायच्या आणि काळ्या मसाल्याचा तर्री आलेला रस्सा सोबत. वाढताना वहिनी म्हणत, "भावजी, कालेजात बेडूक कापता ना? मंग हात धुऊन बसा." हा विनोद त्या दर शनिवारी करीत आणि दर शनिवारी आई हसे. मला तो आवडत नसे.

त्या वर्षी माझ्या एक गोष्ट लक्षात आली. मासवडीचे जेवण झाले की वहिनी घरामागे जात आणि खांबाला धरून उभ्या राहत. उजव्या बरगडीखाली कळ येई, ती पाठीत आणि उजव्या खांद्यापर्यंत जाई. आई म्हणे, वारा धरला. आज तिला लोक गॅस म्हणतात. बरगडीपासून बेंबीपर्यंत जे काही दुखेल त्याला आमच्या भागात एकच नाव असते. नाव बदलते, अज्ञान तेच राहते. मग एके दिवशी ऊन खात बसलेल्या वहिनींच्या डोळ्यांकडे पाहून आईने हात कपाळाला लावला. डोळ्यांचे पांढरे हळदीसारखे झाले होते.

निर्णय जेवणाच्या ताटावर झाला. काविळीला डॉक्टरकडे औषध नाही, हे आमच्याकडे सूर्य पूर्वेला उगवतो इतके पक्के होते. शिनोलीच्या पुढे, भीमाशंकरच्या वाटेपासून आत एका वाडीत माळ बांधणारे एक बाबा होते. जुन्नर-आंबेगावातली निम्मी कावीळ त्यांच्या अंगणात उतरत असे. बापू, वहिनी आणि मी एसटीने नारायणगाव, मंचर, घोडेगाव करीत गेलो. पथ्य आधीच सुरू झाले होते. तेल नाही, मीठ नाही, आणि पिवळे काही नाही. म्हणून हळद नाही, डाळ नाही, पिवळे केळसुद्धा नाही. वाटेत वहिनींच्या वाट्याला फुटाणे. त्या एक-एक फुटाणा सोलून खात म्हणाल्या, "भावजी, फुटाणा आतून पिवळाच की हो. ह्यो कसा चालतो?" तोवर पथ्याची सगळी मांडणी मला निदान सुसंगत वाटत होती.

बाबांनी काही विचारले नाही. नाडी नाही, जीभ नाही, किती दिवस झाले हेसुद्धा नाही. ओल्या काड्यांचे बोटाच्या पेराएवढे तुकडे घेऊन त्यांनी दोऱ्याच्या फासात एकामागे एक आवळले आणि ते कडे वहिनींच्या डोक्यावर टोपीसारखे बसवले. म्हणाले, "जशी कावीळ उतरंल तशी माळ वाढंल. डोक्यावरनं गळ्यात यील, गळ्यातनं पोटावर. बेंबीखाली गेली की वाहत्या पाण्यात सोडा." मी विचारले, "काडी कशाची?" "नाव घेतलं की गुण जातो." मी म्हणालो, "आणखी एक द्या. घरी एकाला लागते आहे." बापूंनी माझ्याकडे चमकून पाहिले, पण चारचौघांत बोलले नाहीत. बाबांनी दुसरी माळही तेवढ्याच निर्विकारपणे बांधून दिली.

ती दुसरी माळ मी गोठ्याच्या खांबाला, वर एक खिळा होता त्यावर, बांधली. पुढच्या शनिवारी आलो तेव्हा वहिनींची माळ गळ्यात आली होती आणि खांबाची माळही खिळ्यावरून सैल होऊन खाली लोंबत होती. त्याच्या पुढच्या खेपेला दोन्ही आणखी वाढल्या, जवळजवळ सारख्या. कारण साधे होते. ओली काडी वाळते, पाणी उडून गेले की ती बारीक होते, फास सैल होतो आणि तुकडे एकमेकांपासून सरकतात. माळ कावीळ ओढत नाही, माळ वाळते. मी अण्णांना, आईला आणि बापूंना गोठ्यात नेले. इतकी स्वच्छ सिद्धता मी पुढे प्रयोगशाळेतही क्वचित पाहिली. मी बोलून थांबलो. म्हैस रवंथ करीत होती.

आई म्हणाली, "आगं बया. म्हंजी खांबानंबी वढून घेतली."

"आई, खांबाला कावीळ होत नाही."

"न्हाई झाली म्हणूनच की. एकाच छपराखाली दोन माळा. हिची निम्मी त्येनं घेतली. बरं केलंस बाबा दुसरी आणली."

अण्णा खांबाकडे पाहत म्हणाले, "वाढतीया न्हवं? मंग तक्रार कसली?"

मागे उभ्या असलेल्या वहिनी दंड खाजवत म्हणाल्या, "आत्याबाई, आता खांबालाबी फुटाणंच घाला. चोरून मासवडी खायचा त्यो." सगळे हसले. मी हसलो नाही. मी त्यांच्या दंडाकडे पाहत होतो. खाजवून खाजवून तिथे ओरखडे उठले होते. घरात म्हणत, विष कातडीवाटे बाहेर पडते आहे. माळ वाढत होती आणि डोळे अधिक पिवळे होत चालले होते. या दोन गोष्टी एकाच वेळी सर्वांना दिसत होत्या, आणि माळेवर विश्वास होता.

सोमवारी मी महाविद्यालयात प्राणिशास्त्राच्या सरांना गाठले. त्यांनी मला भिंतीवरच्या पचनसंस्थेच्या तक्त्यासमोर उभे केले आणि जे सांगितले ते इथे नीट लिहून ठेवतो. रक्तातल्या तांबड्या पेशी म्हाताऱ्या झाल्या की मोडतात. त्यांतून एक पिवळे द्रव्य निघते, त्याला बिलिरुबिन म्हणतात. यकृत, ज्याला लोक काळीज म्हणून छातीवर हात ठेवतात पण जे खरे उजव्या बरगडीआड असते, ते हे द्रव्य रक्तातून उचलते आणि पित्तात सोडते. हे पित्त म्हणजे सकाळी घशाशी येणारे आंबट पाणी नव्हे. ते जठरातले आम्ल. खरे पित्त यकृताखालच्या पिशवीत, पित्ताशयात, साठते आणि तेलकट जेवण आले की पिशवी आकसून ते नळीवाटे आतड्यात ओतते. म्हणून मासवडीनंतर कळ. आता हे पिवळे द्रव्य रक्तात तीन कारणांनी साठू शकते. पेशीच फार मोडल्या तर. यकृत सुजले तर. नाहीतर पुढची नळी बुजली तर. बहुतेकांचे यकृत दूषित पाण्यातल्या विषाणूने सुजते आणि बहुतेकांचे काही आठवड्यांत आपोआप बरे होते. तेवढ्यात माळही वाळून बेंबीखाली येते. बाबांची सारी कीर्ती एवढ्यावर उभी होती. पण नळीत खडा अडकला असेल तर तो आपोआप निघेल याचा भरवसा नाही. मग पित्त मागे तुंबते, रक्तात उतरते, खाज सुटते, आणि त्या तुंबलेल्या पित्तात जिवाणू वाढले तर माणूस दगावतो.

"ओळखायचे कसे?" मी विचारले.

"विष्ठेला रंग पित्तामुळे येतो," सर म्हणाले. "नळी बंद, तर रंग बंद. घरी जा आणि वहिनींना संडासाचा रंग विचार. पांढुरका असेल तर माळबीळ सोडा आणि त्यांना शस्त्रक्रिया करणाऱ्याकडे न्या."

सरांना ते सोपे वाटले. ते शहरातले होते. आमच्या घरी दिराने भावजयीशी थट्टा करावी, तिच्या हातचे मागून खावे, पण तिच्या शरीराबद्दल शब्द काढू नये. सून परसाकडे शेजारणींबरोबर अंधुक उजेडात जाई, आणि ती जाते हेसुद्धा घरातल्या पुरुषांना माहीत नसल्यासारखे असे. मी आईला म्हणालो, तू विचार. आईने हातातले सूप खाली ठेवले. "कालेजात हेच शिकिवतात व्हय रं? सुनंला आसलं इचारू मी? उद्या गावभर हुईल." मी बापूंकडे गेलो. ते इंजिनात तेल ओतत होते. मी शक्य तितक्या शास्त्रीय शब्दांत सांगितले. ते न पाहता म्हणाले, "दत्तू, तू लई शिकलास. पण बायकूला आसलं मी इचारत नसतो." एका माणसाचा जीव एका प्रश्नावर अडकला होता, आणि तो प्रश्न विचारणे असभ्य होते. मला त्या दिवशी जो संताप आला तो अजून पुरता उतरलेला नाही.

शेवटी मी चुलीपाशी बसलो. वहिनी भाकरी थापत होत्या. आई गोठ्यात होती. मी प्रश्न विचारला नाही; तेवढे धैर्य माझ्यातही नव्हते. मी त्यांना विहिरीच्या पाटाचे उदाहरण दिले. म्हटले, यकृत ही विहीर समजा, पित्त हे पाणी. पाट मध्येच मोरीत बुजला तर पाणी कुठे जाईल?

"माघारी फुगंल. बांध फोडून भलत्याच रानात शिरंल."

"ते भलते रान म्हणजे रक्त. म्हणून डोळे पिवळे, लघवी गडद, अंगाला खाज."

वहिनींनी भाकरी तव्यावर टाकली आणि वर पाण्याचा हात फिरवला. "आन खालचं रान?"

"ते कोरडे. तिथे रंग पोचत नाही. तिथे काय दिसते यावर सगळे ठरते."

त्यांनी माझ्याकडे पाहिले. त्यांना समजले होते. माझ्या वर्गातल्या कोणालाही इतक्या लवकर समजले नसते. भाकरी उलटून त्या निखाऱ्याकडे सरकवत म्हणाल्या, "भावजी, तुमी आता भाईर बसा. धूर हुतोय." धूर होत नव्हता. मी बाहेर येऊन बसलो.

त्यानंतर थोड्याच दिवसांत त्यांना थंडी वाजून ताप भरला. दात वाजत होते. दोन गोधड्यांखालीही अंग थरथरत होते. मी जुन्नरहून निरोप मिळताच आलो. आता अण्णांनी स्वतःच डॉक्टरकडे नेण्याचे ठरवले, पण तापासाठी. कावीळ माळेकडे आणि ताप डॉक्टरकडे, अशी वाटणी त्यांच्या मनात स्पष्ट होती. आईने माळ पदराखाली झाकली आणि वहिनींना बजावले, "काविळीचं त्येला काय सांगू नगं. सुई टोचंल आन माळंचा गुण जाईल." हे मी ऐकत होतो. मी बोललो. कोणी ऐकले नाही. बैलगाडीतून आळेफाट्यापर्यंत अण्णा पुढे, बापू कासऱ्याला आणि मी वहिनींच्या उशाशी, असे गेलो. त्यांना बोलवत नव्हते.

आळेफाट्याचे डॉक्टर तरुण होते, नुकतेच आलेले. त्यांनी वहिनींना बाकावर निजवले. अण्णा खुर्चीवर बसले, कारण तिथे एकच खुर्ची होती. डॉक्टरांनी वहिनींना विचारले, "कधीपासून ताप?" अण्णा म्हणाले, "परवापास्नं." "उलटी होते?" अण्णा म्हणाले, "न्हाई." "भूक?" "खाती की." डॉक्टरांनी डोळ्यांची पापणी खाली ओढली आणि क्षणभर थांबले. मग पोटावर हात ठेवला. उजव्या बरगडीखाली दाबताच वहिनींचा श्वास मध्येच तुटला. पदर सरकला, माळ दिसली. डॉक्टरांनी विचारले, "बाई, संडासाचा रंग कसा आहे?"

बापू दाराकडे पाहू लागले. अण्णा खाकरले आणि ठामपणे म्हणाले, "ठीक हाय. रंग ठीक हाय."

"तुम्ही पाहिलात?" डॉक्टरांनी विचारले.

अण्णा काही बोलायच्या आत बाकावरून आवाज आला. अशक्त होता, पण प्रत्येक शब्द सुटा होता. "पांढरा. चुलीला पोतेरं देतो त्या मातीवानी. माळ घातली त्येच्या आधीपास्नं." सासऱ्यासमोर वहिनी इतके एका दमात कधी बोलल्या नव्हत्या. अण्णांसमोर त्या डोक्यावरचा पदरही कधी ढळू देत नसत. अण्णा उठले आणि बाहेर गेले.

डॉक्टरांनी एक सुई दिली आणि सांगितले, ताप तुंबलेल्या पित्ताचा आहे, आजच्या आज पुण्याला न्या, उद्यावर टाकू नका. आम्ही वहिनींना धरून बाहेर आणले. अण्णा रस्त्याकडेच्या लिंबाखाली उभे होते. ते वहिनींकडे न पाहता मला म्हणाले, "मंग आधी का बोलली न्हाई ती?"

मी तोंड उघडले होते. पण उत्तर माझ्या खांद्यावर भार टाकून उभ्या असलेल्या वहिनींनीच दिले. "इचारलं कुणी, मामंजी?"

पुण्याची एसटी आली तेव्हा अण्णा आधी चढले, एक आख्खे बाक धरले आणि खांद्यावरची घोंगडी त्यावर पसरून स्वतः उभे राहिले.

वहिनी वाचल्या, हे इथेच सांगून टाकतो. उत्कंठा ताणणे मला जमत नाही. खडा निघाला, डोळे पांढरे झाले. आईने गावात सांगितले की माळेने खडा सुटा केला, म्हणून तो डॉक्टराला घावला. मी वाद घातला आणि हरलो. अशा वादात मी अजून एकदाही जिंकलेलो नाही. माणसे शब्द उचलतात, त्यामागची नळी, पिशवी, पेशी कोणालाच नको असते. जीवशास्त्र शिकवण्यात मी माझे आयुष्य घालवले त्याचे फळ म्हणून गेल्या आठवड्यात तो तरुण माझ्या दारात माळेचा पत्ता विचारत होता.

मात्र पुण्याच्या रुग्णालयातला एक प्रसंग मी नोंदवून ठेवतो. शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी मोठे डॉक्टर खाटेपाशी आले. सोबत शिकाऊ डॉक्टरांचा घोळका होता. आम्हा तिघांत वयाने मोठे म्हणून त्यांनी अण्णांकडे वळून विचारले, "आजोबा, यांना नेमका काय त्रास होतो?" घोळका लिहून घ्यायला सरसावला. बापूंनी मान खाली घातली. मी अण्णांच्या तोंडाकडे पाहिले. त्यांनी डोक्यावरचे मुंडासे सारखे केले, खाटेपासून दोन पावले मागे सरले आणि म्हणाले, "मला नका इचारू सायेब. दुखणं तिचं हाय. तिला इचारा."